एक नाव, अनेक प्रती : पोर्शे ९११ ची पारख

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. एकाच नावाच्या मालाच्या अनेक प्रती असतात आणि भाव विचारण्याआधी प्रत पाहायची असते. गूळ, कापड, केशर, हिरा, कोणताही जिन्नस घ्या, नाव एकच, पण उपयोग निराळा, टिकाऊपणा निराळा आणि म्हणून मोलही निराळे. मात्र हीच पारखी नजर गाडीच्या शोरूममध्ये शिरताना पुष्कळदा उंबरठ्याबाहेर राहते. ‘सर्वांत जास्त अश्वशक्तीची कोणती?’ किंवा ‘सर्वांत महाग कोणती?’ एवढ्या दोन प्रश्नांवर कोट्यवधी रुपयांचा सौदा ठरतो. वाचकहो, या महिन्यात आपण अशाच एका गाडीच्या प्रती पाहणार आहोत. तिचे नाव पोर्शे ९११. आपल्या वाचक कुटुंबांतील तरुण पिढीत या गाडीविषयी जितके बोलले जाते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या गाडीविषयी बोलले जात असेल. म्हणूनच तिची नीट ओळख घरातील ज्येष्ठांनाही असावी.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली, ती ९०१ या नावाने. मधोमध शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्युजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला आणि शून्याच्या जागी एक आला. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटलेली तिची आकृती साठ वर्षांनंतरही दुरून ओळखू येते. त्याहून महत्त्वाची तिची मांडणी. सहा सिलिंडरांचे आडवे, परस्परांसमोर निजलेले इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले आहे. बहुतेक वेगवान गाड्यांत इंजिन पुढे किंवा मध्यभागी असते. ९११ चा गुण आणि अवगुण, दोन्ही या एका निर्णयातून निघाले. इंजिनाचे वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना तिला मिळणारी पकड इतरांना हेवा वाटावी अशी असते. उलट, वळणाच्या मध्यावर चालकाने घाबरून एकाएकी पाय उचलला, तर तेच वजन लंबकासारखे बाहेर झुकते आणि गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. १९६९ च्या गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरनी वाढवले गेले, ते हा स्वभाव आवरण्यासाठीच. तेव्हापासून आजपर्यंत ९११ चा इतिहास म्हणजे या मागच्या वजनाला वळण लावण्याचा इतिहास आहे.

प्रतींची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते १९७२ मध्ये. शर्यतीत उतरायचे तर नियमानुसार त्या गाडीचे ५०० नग सामान्य ग्राहकांसाठी बनवणे कंपनीला भाग होते. त्यातून कॅरेरा आरएस २.७ जन्माला आली. आरएस ही ‘रेनश्पोर्ट’ म्हणजे शर्यती खेळ या जर्मन शब्दाची आद्याक्षरे. इंजिन २१० अश्वशक्तीचे, आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा उचललेला भाग. ही शेपटी शोभेची नव्हती. वेग वाढला की हवा गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहत असे, तो उचल कमी करण्याचे काम तिच्याकडे होते. इतका ओबडधोबड माल खपेल का, अशी शंका विक्री विभागाला होती. प्रत्यक्षात ५०० नग पाहता पाहता संपले आणि उत्पादन १,५८० वर जाऊन थांबले. आपल्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट अशी की, त्या वेळीही ग्राहकापुढे दोन प्रती ठेवल्या गेल्या. एक ‘टूरिंग’, नेहमीच्या सोयींची, १,०७५ किलोची. दुसरी हलकी, ९६० किलोची. तिच्यात पत्रा पातळ, काच पातळ आणि मागची आसने काढून टाकलेली. इंजिन दोन्हींत एकच. ११५ किलो वजन आणि थोडे सुख यांची ती अदलाबदल होती. आज पन्नास वर्षांनीही ग्राहकापुढचा प्रश्न तोच आहे, आकडे तेवढे मोठे झाले आहेत.

आता आजच्या प्रतींकडे येऊ. पायाची गाडी कॅरेरा. तीन लिटरचे, दोन टर्बो लावलेले तिचे इंजिन नव्या आवृत्तीत ३९४ अश्वशक्ती देते आणि रोजच्या वापरात ते पुरून उरते. तिच्यावर कॅरेरा जीटीएस. हिच्यात २०२४ पासून टर्बोच्या जोडीला विजेची मोटर आली असून एकत्रित शक्ती ५४१ आहे. त्याहून वर टर्बो एस. २०२५ च्या आवृत्तीत ७११ अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, आणि उभ्या जागेवरून शंभराचा वेग अवघ्या अडीच सेकंदांत. या तिन्ही एका शाखेच्या, आणि ही शाखा सुखाची व वेगाची सांगड घालते. दुसरी शाखा जीटी विभागाची, म्हणजे वाइसाख येथील शर्यतीच्या कार्यशाळेशी नाते सांगणाऱ्या गाड्यांची. तिच्यात जीटी३, पंखाविना येणारी जीटी३ टूरिंग, आणि टोकाची जीटी३ आरएस. या शाखेत टर्बो नाही. चार लिटरचे इंजिन स्वतःच्या श्वासावर ९,००० फेऱ्यांपर्यंत चढते. शक्ती मात्र जीटी३ मध्ये ५१० आणि आरएसमध्ये ५२५. म्हणजे या गाड्या शक्तीच्या खतावणीत टर्बो एसच्या बऱ्याच खाली बसतात.

मग पैसे कशाचे? त्याचे उत्तर जर्मनीच्या आयफेल डोंगरातील न्युर्बुर्गरिंगवर मिळते. तेथील उत्तरेकडचा मार्ग २०.८ किलोमीटरचा, जंगलातून चढत-उतरत जाणारा, सत्तरांहून अधिक वळणांचा आहे. जगभरचे कारखाने आपली गाडी तेथे तोलून घेतात. योर्ग बेर्गमाइस्टर या एकाच अनुभवी चालकाने पोर्शेसाठी नोंदवलेल्या चार फेऱ्या शेजारी शेजारी मांडून पाहू. ५४१ अश्वशक्तीची जीटीएस : ७ मिनिटे १६.९ सेकंद. ७११ अश्वशक्तीची टर्बो एस : ७ मिनिटे ३.९ सेकंद. ५१० अश्वशक्तीची, हाताने गिअर बदलायची नवी जीटी३ : ६ मिनिटे ५६.३ सेकंद. ५२५ अश्वशक्तीची जीटी३ आरएस : ६ मिनिटे ४९.३ सेकंद. दिवस वेगळे, हवामान वेगळे, टायर वेगळे, त्यामुळे दोन-चार सेकंदांचा वाद घालण्यात अर्थ नाही. पण क्रम स्पष्ट आहे. दोनशे अश्वशक्तींनी उणी असलेली जीटी३ टर्बो एसला सात सेकंदांहून अधिक मागे टाकते. आणखी एक गंमत पाहा. चौघींत सर्वांत जलद फेरी मारणाऱ्या आरएसचा कमाल वेग ताशी २९६ किलोमीटर, तर टर्बो एसचा ३२२. म्हणजे सरळ रस्त्यावर जिचा वेग आधी संपतो, तीच वळणांच्या मार्गावर आधी घरी येते.

याची कारणे तीन. पहिले वजन. टर्बो एस १,७२५ किलोची, आरएस १,४५० किलोची. वजनाचा खरा हिशोब वेग घेताना होत नाही, तो थांबताना होतो. समजा लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी २८० च्या वेगावरून ८० वर यायचे आहे. १,४५० किलोच्या गाडीला त्या चार-पाच सेकंदांत जी ऊर्जा टाकून द्यावी लागते, तिच्यावर सुमारे १२ लिटर पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता प्रामुख्याने ब्रेकच्या तबकड्यांत जाते आणि पुढच्या वळणाआधी हवेत सोडावी लागते. टर्बो एसला हेच काम जवळपास एक पंचमांश जास्त करावे लागते. एका फेरीत फरक थोडा दिसतो. पाचव्या-सहाव्या फेरीत मात्र ब्रेकचे तेल तापते, टायर मऊ पडतात आणि चालकाचा विश्वास डळमळतो. ‘ट्रॅकची गाडी’ म्हणतात ती हीच. एक फेरी जलद मारणारी गाडी पुष्कळ ठिकाणी मिळेल. दहावी फेरी पहिलीसारखी मारणारी विरळा.

दुसरे कारण हवा. शर्यतीच्या मार्गावर हवेचा उपयोग गाडीला जमिनीवर दाबण्यासाठी केला जातो, कारण टायरवर भार वाढला की पकड वाढते, आणि हवेच्या भाराला जडत्व नसते. आरएसचा मागचा पंख छपराहूनही उंच आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाला तिच्यावर हवेचा ४०९ किलो भार पडतो, तर २८५ ला ८६० किलो. सरळ पट्ट्यावर चालक बटण दाबून पंख आडवा करू शकतो, म्हणजे अडथळा कमी होतो. जोरात ब्रेक मारताच पंख उभे राहतात आणि हवेलाच ब्रेक बनवतात. एवढेच नव्हे, तर पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांनाही हवा कापणारा आकार दिलेला आहे. दुहेरी विशबोनचे हे पुढचे सस्पेन्शन २०२१ च्या जीटी३ पासून रस्त्यावरच्या ९११ मध्ये आले. त्याआधी ते शर्यतीच्या आरएसआर गाडीत होते.

तिसरे कारण टायर आणि त्यांच्याशी होणारा संवाद. आरएसची वरील फेरी मिशेलिनच्या ‘कप २ आर’ या टायरांवरची आहे. रस्त्यावर चालवण्याची परवानगी असली, तरी त्यांचा पिंड शर्यतीचा आहे. कोरड्या, तापलेल्या डांबरावर ते चिकटून बसतात, पण थंड किंवा ओल्या रस्त्यावर मवाळ टायरही त्यांच्यापेक्षा भरवशाचे ठरतात. शिवाय आरएसच्या सुकाणूचक्रावर चार गोल कळा आहेत. त्यांनी चालक चालत्या गाडीत सस्पेन्शनचा कडकपणा, मागच्या चाकांतील जोराची वाटणी आणि सुरक्षाप्रणालीची ढिलाई बदलू शकतो. ज्याला त्या कळांचा अर्थ हातात आणि पाठीच्या कण्यात जाणवतो, त्याच्यासाठी ते वरदान आहे. इतरांसाठी ती केवळ चार बटणे आहेत.

आता हेच आकडे आपल्या रस्त्यावर आणून पाहू. हवेचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच प्रमाणात घटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तेवढ्या वेगाला, ढोबळ हिशोबाने, आरएसच्या पंखांचा भार १०० किलोच्या आसपास भरतो. समृद्धी महामार्गाच्या १२० च्या मर्यादेत तो फार तर दीडशे किलो होईल. शहरातल्या साठच्या वेगाला चाळीस किलोही नाही. म्हणजे आरएससाठी मोजलेल्या जादा रकमेचा सर्वांत मोठा वाटा जेथे कामाला येतो, तो वेग आपल्या एकाही सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीर नाही. तो मिळवू पाहणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण त्याआधी रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या जिवाशी केलेला सौदा आहे, आणि तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरुण वाचकांनी हा एक परिच्छेद तरी आपल्या वडिलांना वाचून दाखवावा, आणि वडिलांनी तो पुन्हा त्यांना.

आरएसची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते. एरवी ९११ ला पुढे एक छोटी डिकी असते, दोन पिशव्या मावतील एवढी. आरएसमध्ये त्या जागी इंजिन थंड ठेवणारा मोठा रेडिएटर बसला आहे, म्हणून डिकी नाहीच. मागची आसने नाहीत. हाताने बदलायचा गिअर नाही, फक्त स्वयंचलित पीडीके. चाके एकाच मोठ्या मध्यवर्ती नटाने आवळलेली असून तो नट ६०० न्यूटन-मीटरच्या जोराने कसावा लागतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे त्याचा पाना असण्याची शक्यता नाही, आणि जादा चाकही गाडीत नसते. पुढचा भाग इतका खाली की गतिरोधकांसाठी तो उचलण्याची यंत्रणा आपल्याकडे चैनीत न धरता गरजेत धरावी. या गाड्यांना ९८ ऑक्टेनचे पेट्रोल अपेक्षित आहे. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणल्यापासून मोठ्या शहरांत ही अडचण हलकी झाली. लहान गावी जाताना मात्र पंप आधी पाहून ठेवणे बरे.

ज्यांना खरोखर ट्रॅकवर जायचे आहे, त्यांच्यासाठी देशात जागा आहेत, पण त्या मोजक्या आहेत. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन झाली, आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा असलेला तो मार्ग आरएससारख्या गाडीला पुरून उरतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरचा आणि कोइम्बतूरचे कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचे. कोइम्बतूरसारख्या लहान, वळणदार मार्गावर मोठ्या पंखाचा फायदा मर्यादित असतो. तेथे हलकी जीटी३ तितकाच आनंद देईल. महाराष्ट्रातून गाडी ट्रकवर चढवून न्यायची, सोबत जादा टायर आणि ब्रेकचे पॅड, राहण्याची सोय, प्रशिक्षकाचे मानधन, असा प्रत्येक वारीचा खर्च धरावा लागतो. वर्षातून अशा किती वाऱ्या होतील याचे उत्तर खरेदीआधी कागदावर लिहून काढावे. उत्तर ‘एक किंवा शून्य’ असेल, तर प्रत बदलावी.

विम्याचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगतो, कारण तो सौद्याच्या उत्साहात नेहमी राहून जातो. आपल्याकडील खासगी मोटारीच्या सर्वसाधारण विमापत्रात आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर कठड्याला लागलेली गाडी म्हणजे पूर्ण नुकसान आपल्या पदरी, असे गृहीत धरूनच आत शिरावे. विमापत्रातील ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचावे आणि शंका असल्यास कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन हिशोबात धरू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. या गाड्यांच्या इंजिनाचा संगणक स्वतःची रोजमेळ वही ठेवतो. हाताने गिअर बदलताना चुकून खालचा गिअर पडला आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरले, तर ते किती वेळा आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, याची नोंद त्यात राहते. अधिकृत कार्यशाळेकडून ती नोंद काढून घ्यावी. ट्रॅकवर गेलेली गाडी म्हणजे खराब गाडी असे नव्हे. वेळेवर तेल, ब्रेकचे द्रव आणि पॅड बदललेली ट्रॅकची गाडी ही वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा निरोगी असू शकते. कागद दोन्हींचे पाहावेत.

शेवटी निवड. घरातून दुकान, दुकानातून गोदाम, महिन्याकाठी एखादी लांबची सहल आणि मागच्या आसनावर लहान मुले, असे आयुष्य असेल तर कॅरेरा ही शहाण्याची प्रत. पाऊस, घाट, लांबचा पल्ला आणि प्रचंड शक्ती सारे एकत्र हवे असेल तर टर्बो एस. चारही चाकांचा जोर पावसाळ्यात आपले मोल दाखवतो. वाहन चालवण्याची कला शिकायची असेल, रविवारची पहाट आणि वर्षाकाठी दोन-तीन ट्रॅकच्या वाऱ्या ठरलेल्या असतील, तर जीटी३. पंखाची मिरवणूक नको असलेल्यांसाठी तिचीच टूरिंग आवृत्ती आहे, आणि नव्या आवृत्तीत तिला पर्याय म्हणून मागची आसनेही मिळतात. माझ्या मते या साऱ्या मांडणीत पैशाला सर्वाधिक न्याय देणारी प्रत ही टूरिंगच. आरएस ही ज्याच्या वर्षातील दिवस ट्रॅकच्या तारखांवरून ठरतात, त्याच्यासाठीच. अशा माणसाला ती महाग वाटणार नाही, आणि बाकीच्यांना ती कितीही स्वस्त मिळाली तरी परवडणार नाही.

एक विनंती. गाडी कोणतीही घ्या, तिच्या किमतीतील एक लहानसा हिस्सा आधी प्रशिक्षणासाठी बाजूला काढा. प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, साध्या गाडीत, बंद मार्गावर घालवलेले दोन दिवस चालकाला ब्रेक कोठे मारावा, नजर कोठे ठेवावी आणि पाय केव्हा उचलू नये हे शिकवतात. घरातील मुलाच्या हाती किल्ली देण्याआधी हे दोन दिवस झाले आहेत ना, एवढे ज्येष्ठांनी अवश्य विचारावे.

पुढील अंकी ब्रेकच्या तबकड्यांविषयी : लोखंडाच्या की सिरॅमिकच्या, आणि जादा मोजलेली रक्कम कधी वसूल होते, याचा हिशोब मांडू.